बिनदाराच्या गावात माहितीचे दार बंद का?

शनिशिंगणापूर हे गाव जगाला माहीत आहे ते घरांना दारे नसलेले गाव म्हणून. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातले हे गाव. घराला चौकट असते, पण दार नसते. दार नाही म्हणून कडी नाही, कडी नाही म्हणून कुलूप नाही. शनीच्या भीतीने इथे चोरी होत नाही, असे सांगितले जाते. २०११ साली युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे मोठे कौतुक छापले. २०१५ साली मात्र याच गावात पोलीस ठाणे सुरू करावे लागले! आणि दारे नसलेल्या याच गावात शनीच्या चौथऱ्यावर बाईला पाऊल ठेवायला बंदी होती. स्त्रियांनी आंदोलन केले, उच्च न्यायालयाने सरकारला कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा कुठे ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. म्हणजे दार लाकडाचेच असते असे नाही. या देशात न दिसणारी दारेच अधिक मजबूत असतात.

आज आपल्या मुलामुलींसमोर असेच एक न दिसणारे दार उभे आहे. ते आहे माहितीचे दार. दहावीनंतर काय करायचे? बारावीनंतर कुठे जायचे? फी किती, वसतिगृह कुठे, शिष्यवृत्ती कोणती, दाखले कोणकोणते, शेवटची तारीख केव्हा? ही सगळी माहिती इंटरनेटवर आहे, असे शासन सांगते. खोटे नाही, ती आहे. पण एखादी गोष्ट असणे आणि ती आपल्याला मिळणे यातला फरक आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पाणी महाडच्या चवदार तळ्यातही होतेच!

लटकू कुठे कुठे?

घोडेगावहून किंवा राहुरी-सोनईच्या बाजूने शिंगणापूरकडे निघाले की एक शब्द कानावर येतो : लटकू. बाहेरगावच्या भाविकांची गाडी दिसली की मोटारसायकलवरून तिला गाठायचे, पार्किंग दाखवतो म्हणून ठरलेल्या दुकानासमोर नेऊन उभी करायची, पूजेचे ताट आणि तेल घ्यायला लावायचे आणि दुकानदाराकडून कमिशन घ्यायचे, हा लटकूचा धंदा. अधूनमधून पोलीस कारवाई करतात, चार दिवस शांतता असते, पुन्हा सुरू. या कामात दिसणारी पोरे कोण? आजूबाजूच्या गावांतली, शाळा-कॉलेजच्या वयाची किंवा नुकतेच कॉलेज सोडलेली.

गेल्या उन्हाळ्यात या परिसरातल्या एका विहारात विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाचा छोटा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपल्यावर असाच एक तरुण थांबला. बारावी सायन्स झालेला. एका एजंटाने त्याला एका खासगी कॉलेजात 'सीट पक्की' करून दिली होती. 'एससी आहेस ना, फी सरकार भरेल,' असे सांगितले होते. प्रवेश झाला तो व्यवस्थापन कोट्यातून. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून घ्यावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. शिष्यवृत्ती नामंजूर झाली, पहिल्या वर्षाची फी कर्ज काढून भरली, दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटले. मी म्हटले, 'पुन्हा अर्ज करू. तुझा लॉगिन दे.' तो खाली मान घालून म्हणाला, 'सर, पासवर्ड कॅफेवाल्याकडं आहे. मोबाईल नंबर पण त्याचाच टाकलाय. आता तो कॅफे बंद झाला.'

आज हा मुलगा लटकू आहे. दुसऱ्यांना रस्ता दाखवून पोट भरतो. त्याला रस्ता दाखवणाऱ्यांनी मात्र त्याचेच खिसे रिकामे केले. शिंगणापूरच्या रस्त्यावरचे लटकू निदान डोळ्यांना दिसतात. प्रवेशाचा एजंट, फॉर्मचे दुप्पट पैसे घेणारा कॅफेवाला, 'वरपर्यंत ओळख आहे' म्हणणारा दलाल, हे शिक्षणाच्या रस्त्यावरचे लटकू आहेत. जिथे माहितीला दार असते, तिथेच लटकू उभा असतो. दार काढा, लटकूचा धंदा बसेल. करिअर मार्गदर्शनाची वेबसाईट वापरायला सोपी हवी असे आपण म्हणतो, त्याचा खरा अर्थ हा आहे. हा प्रश्न रंगांचा आणि चित्रांचा नाही. विद्यार्थी आणि त्याचा हक्क यांच्यामध्ये कुणी तिसरा उभा राहणार की नाही, हा प्रश्न आहे.

जात हीच पहिली करिअर गाईड

आपल्या देशात करिअर मार्गदर्शन नवे नाही. हजारो वर्षे ते काम जातीने केले. मूल जन्माला येण्याआधीच त्याचे करिअर ठरलेले. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडले. व्यक्तीची आवड, तिची बुद्धी, तिची कुवत यांचा त्या व्यवस्थेत विचारच नव्हता.

ही जुनी गोष्ट आहे, असे कुणी म्हणू नये. शिंगणापूरच्या जवळच सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजी तिथे मेहतर समाजाच्या तीन तरुणांची आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या कारणावरून निर्घृण हत्या झाली. त्या खटल्यात २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. हत्येची चर्चा खूप झाली. पण एक गोष्ट चर्चेत मागेच राहिली. ते तरुण एका शिक्षणसंस्थेच्या आवारात सफाईचे काम करीत होते. चहूबाजूंना वर्ग, फळे, पुस्तके; आणि यांच्या हातात झाडू! एकविसाव्या शतकातही त्यांचे करिअर जातीनेच ठरवलेले होते. म्हणून आपल्यासाठी करिअरची माहिती हा सुखवस्तू घरातल्या मुलांचा 'कोणती शाखा निवडू' असा प्रश्न नाही. तो जातीने आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकण्याचा प्रश्न आहे.

हे पाऊल टाकायला माहिती देणारा माणूस लागतो. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले होते. पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे; पण बडोद्याच्या दरबारात मदत मिळू शकते ही माहिती आणि तिथपर्यंतची वाट केळुसकरांकडे होती. त्या काळात असे किती भीमराव केळुसकर न भेटल्यामुळे गिरणीत आणि गोदीत जिरून गेले असतील, याचा हिशेब कोण देणार?

बाबासाहेबांनी मात्र हा हिशेब मनात ठेवला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन सरकारला दिले आणि उच्च शिक्षणासाठी मदतीची मागणी केली. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्या आग्रहाचे फळ. आज आपण तिलाच 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो. एका केळुसकरांवर अवलंबून राहावे लागू नये, मदत हक्काने मिळावी, हा त्यामागचा विचार. आज ती शिष्यवृत्ती एका वेबसाईटच्या पलीकडे आहे. मग ती वेबसाईट केळुसकर गुरुजींसारखी हवी, की चौथऱ्यासारखी?

वेबसाईट आहेत, पण कुणासाठी?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली केंद्राने नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल सुरू केले. २०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे हे त्यातून सांगितले जाई. २०२० साली युनिसेफच्या सहकार्याने 'महाकरिअर पोर्टल' आले. नववी ते बारावीच्या मुलांसाठी शेकडो करिअर, हजारो महाविद्यालये, प्रवेशपरीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती एकत्र केली गेली, तीही मराठीत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी महाडीबीटी आहे. बार्टी आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे.

मग अडते कुठे? कल चाचणीचेच पाहा. कल येतो कुठून? मुलाने जे पाहिले त्यातून. ज्या मुलीने आयुष्यात शिक्षिका, नर्स आणि पोलीस यांखेरीज कुणी नोकरदार बाई पाहिलीच नाही, तिचा कल संख्याशास्त्राकडे किंवा नगररचनेकडे कसा असणार? केंद्र सरकारच्या २०१५ च्या व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसाय नोंदवले आहेत. आपल्या वस्तीतल्या मुलाला त्यांतले किती ठाऊक असतात? आधी दाखवा आणि मग कल विचारा!

महाकरिअर पोर्टलचे दुसरे. ते सुरू झाले तेव्हा आत जाण्यासाठी शाळेने दिलेला सरल क्रमांक लागत असे. शाळेत नाव असलेल्या मुलासाठी ते ठीक. पण शाळा सुटलेल्या मुलाने, ऊसतोडीला गेलेल्या आईबापामागे फिरणाऱ्या मुलीने, दहावी नापास होऊन वीटभट्टीवर गेलेल्याने काय करायचे? मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज ज्याला, नेमके त्याच्याच हातात किल्ली नाही. शिवाय ते वर्ष लॉकडाऊनचे. शाळा बंद, एका घरात एक मोबाईल आणि तोही बापाच्या खिशात.

सोपी म्हणजे कशी?

सोपी वेबसाईट कशी असावी, हे संगणकतज्ज्ञांनीच सांगावे असे नाही. ज्याला ती वापरायची आहे त्याच्या घरात जाऊन पाहिले की बहुतेक गोष्टी कळतात.

पहिली गोष्ट, माहिती वाचायला लॉगिन नको. अर्ज करताना आधार मागा, ओटीपी मागा. ते समजू शकते. पण कोणत्या कोर्सला कोणते गुण लागतात हे वाचायला ओळखपत्र कशाला? वाचनालयात पाटी वाचायला कुणी वर्गणी मागत नाही. वाचण्याचा भाग शिंगणापूरच्या घरासारखा ठेवा, दार नसलेला.

दुसरी गोष्ट, सुरुवात विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून व्हावी. आज माहिती खात्यांप्रमाणे वाटलेली आहे. शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे, प्रवेशपरीक्षा सीईटी कक्षाकडे, जात पडताळणी समितीकडे. मंत्रालयात बसलेल्याला ही विभागणी सोयीची. पण मुलगा खात्यांच्या भाषेत विचार करत नाही. तो म्हणतो, 'मला दहावीला बावन्न टक्के आहेत. दोन वर्षांत कमवायला लागायचंय. घरापासून लांब राहायला पैसे नाहीत.' पहिल्याच पानावर तीन प्रश्न विचारा : काय शिकलास, कुठे राहतोस, घरची अडचण काय? त्याच्या उत्तरावरून तालुक्याची आयटीआय, जवळचे तंत्रनिकेतन, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडचे मार्ग, मुक्त विद्यापीठ हे सारे समोर यायला हवे. कोणत्या खात्याचे काय, हे शोधण्याचे ओझे सरकारने उचलावे, मुलाने नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची. याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली, असे मानले जाते. गीतेचा अर्थ संस्कृतच्या कुंपणातून काढून लोकांच्या मराठीत सांगण्याची गरज त्या काळातही वाटली. आज सातशे वर्षांनंतर सरकारी मराठीने नवे कुंपण घातले आहे. 'अधिवास प्रमाणपत्र सादर करणे अनिवार्य राहील' या वाक्यापेक्षा 'डोमिसाईल लागेल, ते तहसीलमधून किंवा सेतू केंद्रातून मिळते' हे वाक्य अधिक उपयोगी आहे. लोक 'कास्ट व्हॅलिडिटी', 'उत्पन्नाचा दाखला', 'टीसी' म्हणतात, तेच शब्द वेबसाईटवर हवेत. आपली मुले मोबाईलवर मराठी बरेचदा रोमन अक्षरांत टाईप करतात; तशी विचारणा केली तरी शोध लागला पाहिजे. ज्याला टाईप करणे जमत नाही त्याला बोलून विचारता आले पाहिजे. आणि शासन निर्णयाची स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ चिकटवून माहिती दिल्याचे समाधान कुणी मानू नये. तिच्यात ना शब्द शोधता येतो, ना अंध विद्यार्थ्याचा मोबाईल ती वाचून दाखवू शकतो.

चौथी गोष्ट मोबाईलची. ही वेबसाईट पाहिली जाणार ती स्वस्तातल्या, काच तडकलेल्या, जागा भरलेल्या मोबाईलवर. संध्याकाळी, बाप कामावरून आल्यावर. जिथे रेंज मिळते त्या ओट्यावर. अशा वेळी पहिल्या पानावर मंत्र्यांचे फोटो एकामागून एक सरकत राहिले की मुलाचा डेटा नेत्यांची तोंडे पाहण्यातच संपतो! पान हलके हवे, अक्षर मोठे हवे, अर्धवट भरलेला अर्ज रेंज गेली म्हणून पुसला जाऊ नये. एका कोर्सची माहिती एका पानात मावावी. ते पान व्हॉट्सॲपवर पाठवता यावे आणि छापून विहाराच्या, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता यावे. घरातल्या मुलीला मोबाईल मिळत नसेल तरी भिंत वाचता येते.

पाचवी गोष्ट तारखांची आणि खऱ्या माहितीची. प्रत्येक पानाखाली ते शेवटचे केव्हा तपासले याची तारीख हवी. मागच्या वर्षीची शेवटची तारीख यंदा दिसत असेल तर ती माहिती नाही, सापळा आहे. कोणत्या महिन्यात काय करायचे, याचे वर्षभराचे वेळापत्रक हवे. सायन्सच्या मुलाने कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर धावपळ करून नव्हे, तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. ही एक ओळ वेळेवर वाचायला मिळाली तर कितीतरी प्रवेश वाचतील. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती, त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप. आणि व्यावसायिक कोर्सला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर यातले काही नाही. हे लाल अक्षरात पहिल्या पानावर असते, तर विहारात भेटलेला तो मुलगा आज इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात दिसला असता.

सहावी गोष्ट पैशाची आणि प्रामाणिकपणाची. फी किती एवढेच सांगून भागत नाही. खानावळ किती, खोली किती, शिष्यवृत्तीचे पैसे हातात यायला उशीर झाला तर मध्ये काय करायचे, कोर्सनंतर सुरुवातीचा पगार साधारण किती आणि नोकऱ्या खरेच आहेत का, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या सरकारने १९४९ सालापासून व्यवसायांची माहिती देणारी एक पुस्तिका चालवली आहे. आता ती इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. प्रत्येक व्यवसायाचे पान एकाच साच्यात : काम काय, वातावरण कसे, तिथे पोहोचायचे कसे, पगार किती, पुढच्या काळात मागणी वाढेल की घटेल. वाचणाऱ्याला दोन व्यवसाय शेजारी ठेवून पाहता येतात. आपल्याकडे मात्र 'उज्ज्वल भवितव्य' आणि 'अपार संधी' असे शब्द पसरले जातात. गरिबाच्या मुलाला एकदाच डाव खेळता येतो. त्याच्याशी खोटे बोलू नये.

आणि सातवी गोष्ट ओळखीची. २०२५ साली शनीच्या ऑनलाइन पूजेच्या नावाखाली बनावट ॲप चालवून भाविकांचे पैसे लुबाडल्याचे प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. देवाच्या नावाने खोटे ॲप निघते, तर शिष्यवृत्तीच्या आणि भरतीच्या नावाने निघायला कितीसा वेळ? म्हणून अधिकृत वेबसाईट एकच असावी, तिचा पत्ता शाळेच्या दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर छापलेला असावा, आणि पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते पाहण्याची सवय मुलांना लावावी.

पाच मुले बसवा

हे सारे बरोबर जमले की नाही, हे ओळखायचे कसे? याकोब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली एक साधा मार्ग लोकांसमोर मांडला. वेबसाईट पाच माणसांना वापरायला द्या, शेजारी बसा, काही सांगू नका, फक्त पाहा. ती कुठे अडखळतात ते लिहून काढा. बहुतेक मोठ्या चुका या पाच जणांतच उघड्या पडतात. दुरुस्ती करा आणि पुन्हा पाच बसवा. याला ना कोट्यवधींचे टेंडर लागते, ना सल्लागार कंपनी.

पण ते पाच कोण, हा खरा प्रश्न आहे. पुण्यामुंबईच्या कचेरीत काम करणाऱ्यांचीच पाच मुले बसवली तर वेबसाईट उत्तमच दिसणार. त्या पाचांत सोनईच्या वस्तीतली एक मुलगी हवी, ऊसतोड कामगाराचा एक मुलगा हवा, एक अंध विद्यार्थी हवा, बारावी नापास झालेला एक जण हवा आणि शिंगणापूरच्या रस्त्यावरचा एक लटकू हवा. केंद्र सरकारने २००९ सालीच सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, २०२३ साली ती नव्याने दिली. नियमांची उणीव या देशात कधीच नव्हती. शेवटच्या माणसाला समोर बसवून विचारण्याची तयारी नाही, ही उणीव आहे.

आणि वेबसाईट कितीही चांगली झाली तरी तिच्या शेवटी माणूस हवा. इंग्लंडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेत वेबसाईटबरोबर फोनवर आणि समोरासमोर बोलणारे सल्लागारही आहेत. कारण माहिती मिळाली तरी हिंमत लागते. 'आपल्यातलं कुणी हे शिकलंय का?' असे आपली मुलगी विचारते तेव्हा तिला टक्केवारी नको असते, आपल्यासारख्या घरातून गेलेले माणूस पाहायचे असते. ज्योतीरावांच्या आधाराने सावित्रीबाई याच नगर शहरात मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यायला आल्या. त्या काळी आपल्यासारख्या घरातून शिक्षिका झालेली स्त्री क्वचितच दिसे. त्या स्वतः दाखला झाल्या.

चळवळीचे काम

सरकार करील तेव्हा करील. आपण काय करणार? आपल्या गावोगावी विहारे आहेत, जयंती समित्या आहेत, शिकलेले नोकरदार आहेत, संगणक क्षेत्रात काम करणारी आपली मुले पुण्यात, हैदराबादेत आणि परदेशातही आहेत. बार्टीने समतादूत नेमले. हे सगळे हात एकत्र आले तर एक साधी, मराठी, बिनलॉगिनची वेबसाईट उभी करणे अशक्य नाही. सुरुवात एका तालुक्यापासून करावी. नेवासा तालुक्यातल्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशी पन्नास पाने आधी नीट लिहावीत. प्रत्येक पानाची जबाबदारी त्या क्षेत्रात शिकलेल्या एका माणसाने घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी ते तपासावे. जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका डीजेचा खर्च या कामाकडे वळवला तर वर्षभराचा होस्टिंगचा खर्च भागून पैसे उरतील.

तेही जमत नसेल तर निदान एवढे करावे. येत्या १४ एप्रिलच्या आधी आपल्या विहारात पाच मुलांना बसवावे, आज असलेल्या सरकारी वेबसाईट त्यांच्या हातात द्याव्यात आणि कोण कुठे अडले याची यादी करावी. ती यादी संबंधित विभागाला पाठवावी, आमदाराच्या हातात द्यावी आणि उत्तर मागावे. आणि अर्ज भरताना मोबाईल नंबर मुलाचा किंवा घरचाच टाकावा, पासवर्ड आईच्या वहीत लिहून ठेवावा. साधी गोष्ट आहे, पण ती न केल्यामुळे एका मुलाचे भवितव्य बंद पडलेल्या कॅफेत अडकले आहे.

त्या मुलाचा जुना अर्ज सोडवण्याची खटपट आम्ही काही जण करीत आहोत. मुक्त विद्यापीठाचा मार्गही त्याला दाखवला आहे. निरोप घेताना तो म्हणाला, 'सर, हे सगळं आधी एका जागी लिहिलेलं असतं तर?' या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शासनाने द्यायचे आहे आणि आपणही द्यायचे आहे.

शिंगणापूरची घरे देवाच्या भीतीने उघडी राहिली, असे म्हणतात. आपल्याला माहिती उघडी हवी आहे ती कुणाच्या भीतीने नाही आणि कुणाच्या कृपेनेही नाही. ती संविधानाने दिलेल्या समान संधीच्या हक्काने हवी आहे. जय भीम!